आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धांची रचना : बाद पद्धत, साखळी आणि श्रेणी

१ मार्च २०२० रोजी भुवनेश्वर येथे पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धांचा समारोप झाला, तेव्हा पदकतालिकेतील पहिल्या दोन विद्यापीठांची सुवर्णपदके सारखीच होती. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाची १७ आणि पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचीही १७. सुवर्णपदके समान असल्यास रौप्यपदके मोजली जातात. ती चंदीगडकडे १९ आणि पुण्याकडे ११ होती. विजेतेपद चंदीगडला गेले. महाराष्ट्रातील वाचकाला हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही दोन विद्यापीठे तेथवर ज्या पायऱ्यांनी पोहोचली, त्या पायऱ्यांवर किती विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष खेळायला मिळते, हा प्रश्न पदकतालिकेइतकाच महत्त्वाचा असून त्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

आपल्याकडील रचना पिरॅमिडसारखी आहे. तळाशी संलग्न महाविद्यालये, त्यावर विद्यापीठ आणि त्यावर भारतीय विद्यापीठ संघ. हा संघ १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झाला व १९७३ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. प्रत्येक विद्यापीठ प्रथम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा घेते. विद्यापीठाचे क्षेत्र मोठे असेल तर त्याचेही विभाग पाडले जातात. पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे जिल्हा, नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) असे विभाग असून विभागीय फेरीनंतर आंतरविभागीय फेरी होते. त्यातून निवडलेला विद्यापीठाचा संघ पुढे जातो. सांघिक खेळांसाठी देशाचे उत्तर, पूर्व, पश्चिम व दक्षिण असे चार विभाग आहेत. चंदीगड उत्तर विभागात येते, महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागात. प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात. सहभागी विद्यार्थी पूर्णवेळ शिक्षण घेणारा आणि १७ ते २५ वर्षे वयाचा असावा लागतो.

विभागीय स्पर्धेत सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीने होतात आणि शेवटी उरलेल्या चार संघांमध्ये साखळी सामने होतात. ही मिश्र पद्धत का स्वीकारली जाते, हे समजण्यासाठी थोडे अंकगणित पुरेसे आहे. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एक संघ स्पर्धेबाहेर जातो; म्हणून ६४ संघांसाठी ६३ सामने लागतात. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर सर्वांशी खेळतो. त्याच ६४ संघांसाठी २,०१६ सामने घ्यावे लागतील. मैदान, पंच, निवास, भोजन आणि परीक्षांचे वेळापत्रक पाहता हे अशक्यच. बाद पद्धत स्वस्त आहे, यात वाद नाही.

पण ही स्वस्ताई कोणाच्या वाट्याची आहे? ६४ पैकी ३२ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी परततात. एका सामन्यात दोन संघ खेळतात, हे धरून सरासरी काढली तर बाद पद्धतीत प्रत्येक संघाच्या वाट्याला दोनपेक्षाही कमी सामने येतात. संघ कितीही असोत, ही सरासरी दोनच्या वर जात नाही. उलट सहा संघांच्या साखळीत सामने होतात अवघे १५, पण प्रत्येक संघाला पाच सामने मिळतात. म्हणजे बाद पद्धत ही उत्तम संघ शोधण्याची यंत्रणा आहे. खेळाडू घडवण्याची नव्हे. प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा महाविद्यालयीन खो-खो एका सकाळी एस.टी.ने सुरू झाला आणि त्याच संध्याकाळी एस.टी.नेच संपला. वर्षभराच्या सरावाच्या वाट्याला एक सामना आला. असा अनुभव अनेक वाचकांच्याही गाठीशी असेल.

चंदीगडचे उदाहरण याच संदर्भात पाहावे लागते. पंजाब विद्यापीठाची स्थापना १८८२ मध्ये लाहोर येथे झाली; फाळणीनंतर भारतात आलेले हे विद्यापीठ पुढे चंदीगडला स्थिरावले. (पतियाळाचे पंजाबी विद्यापीठ वेगळे, ते १९६२ चे, परीक्षार्थींनी ही गल्लत टाळावी.) याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या डीएव्ही महाविद्यालयात कपिल देव आणि नीरज चोप्रा शिकले. नीरज चोप्रा यांनी ८० मीटरचा टप्पा प्रथम ओलांडला तो २०१५ च्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ मैदानी स्पर्धेत, ८१.०४ मीटरच्या फेकीने. मुंबई विद्यापीठाकडून खेळलेल्या सुनील गावसकर यांच्याप्रमाणेच येथेही विद्यापीठाच्या मैदानाने देशाला खेळाडू दिला.

या परिसरातील विद्यापीठांना पुढे नेणारे प्रोत्साहन म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद करंडक. १९५६-५७ पासून क्रीडाक्षेत्रातील सर्वोत्तम विद्यापीठाला तो दिला जातो. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा जिंकला आहे. २०१९, २०२० आणि २०२१ असा सलग तीन वर्षे तो पंजाब विद्यापीठाकडे होता आणि २०२४ चा करंडक चंदीगड विद्यापीठाला मिळाला. हे खासगी विद्यापीठ असून नावात चंदीगड असले तरी त्याचा परिसर मोहाली जिल्ह्यातील घडुआं येथे आहे.

या करंडकासाठी आंतरविद्यापीठ पातळीवरील यश मोजले जाते. महाविद्यालयातील किती विद्यार्थी मैदानावर उतरले, याला त्यात गुण नाहीत. जे मोजले जाते त्यावर खर्च होतो, हा अर्थशास्त्रातील साधा नियम. त्यामुळे तयार खेळाडूला प्रवेश, शुल्कमाफी आणि वसतिगृह देऊन आपल्याकडे ओढणे हे विद्यापीठाला नवा खेळाडू घडवण्यापेक्षा किफायतशीर ठरते. आर्थिक बळ असलेली खासगी विद्यापीठे या स्पर्धेत का पुढे येत आहेत, त्याचे एक कारण येथे सापडते. मात्र पंजाबात यावर एक जुना उताराही आहे. गुरू नानक देव विद्यापीठासारख्या ठिकाणी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत ‘ए’ आणि ‘बी’ अशा श्रेणी असतात, त्यामुळे लहान महाविद्यालयाचा संघ बलाढ्य संघाशी पहिल्याच फेरीत भिडून बाद होत नाही.

श्रेणी पाडण्याचे निकष देशोदेशी वेगळे आहेत. ब्रिटनमधील विद्यापीठ लीगमध्ये संघ जिंकला तर वरच्या श्रेणीत जातो, हरला तर खाली येतो. अमेरिकेत तसे नाही. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजेच एनसीएएने, १९७३ मध्ये सुमारे अकराशेपर्यंत पोहोचलेल्या आजच्या सदस्यसंख्येचा पाया असलेल्या तीन श्रेणी निश्चित केल्या. कोणत्या श्रेणीत राहायचे हे विजयावर नव्हे, तर संस्था किती खेळ चालवते आणि क्रीडा शिष्यवृत्तीवर किती खर्च करू इच्छिते यावर ठरते. तिसऱ्या श्रेणीत क्रीडा शिष्यवृत्ती दिलीच जात नाही, आणि सदस्यसंख्या मात्र याच श्रेणीची सर्वाधिक आहे. श्रेणीच्या आत शेजारच्या संस्थांचे ‘कॉन्फरन्स’ असतात व त्यांच्यात हंगामभर सामने होतात. पहिल्या श्रेणीत दूरचित्रवाणीच्या पैशाने मात्र हे शेजारपण मोडले. २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील जुनी कॉन्फरन्स जवळजवळ रिकामी झाली, कारण तिचे बहुतेक सदस्य हजारो किलोमीटर दूरच्या गटांत गेले. जुलै २०२५ पासून तेथील संस्था खेळाडूंना उत्पन्नाचा थेट वाटाही देऊ शकतात. भारतात आर्थिक साहाय्य संस्थेमार्फत न येता खेलो इंडिया योजनेतून निवडलेल्या खेळाडूला मिळते. त्यात दरमहा १०,००० रुपये हातखर्चाचा समावेश आहे. परंतु ही मदत पिरॅमिडच्या शिखराजवळची आहे.

महाराष्ट्रातील परीक्षार्थींसाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि प्रमाणपत्राचे मोल स्पर्धेच्या पातळीवर व मिळवलेल्या क्रमांकावर ठरते. म्हणजे विभागीय फेरीतील सोडतीत पहिलाच सामना कोणाशी पडला, याचा परिणाम मैदानापुरता राहत नाही. मानांकन नसलेल्या किंवा घाईने काढलेल्या सोडतीत दोन सर्वोत्तम संघ पहिल्या फेरीत समोरासमोर आले, तर त्यांतील एकाच्या बारा खेळाडूंचे वर्ष तेथेच संपते.

यावर उपाय फार खर्चिक नाही. विभागीय बाद फेरीपूर्वी तालुक्यातील किंवा शहराच्या एका भागातील सहा महाविद्यालयांची साखळी घेता येईल. पंधरा सामने, तेही बहुतांशी सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर. निवासाचा खर्च नाही, पंच स्थानिक. या साखळीतील क्रमांकावरून विभागीय स्पर्धेचे मानांकन ठरवता येईल, म्हणजे सोडतीतील नशिबाचा भागही कमी होईल. अडचण आहे ती वेळेची. सत्र पद्धतीत दोन परीक्षांच्या मध्ये उरणारे आठवडे मोजके असतात, आणि पाच सामन्यांसाठी पाच दिवस उपस्थितीची सवलत द्यायची की नाही, हा निर्णय क्रीडा संचालकाच्या नव्हे तर विद्यापीठाच्या विद्या परिषदेच्या हातात असतो.