एअर डेक्कन: आम आदमीचे विमान आणि त्याचे बदललेले नाव

मंडळी, सुट्टीत भारतात गेल्यावर मुंबईहून पुढे गावाकडे कसे जायचे, हा आपल्या सगळ्यांचा नेहमीचा प्रश्न. २००३ च्या आधी देशांतर्गत विमान हे साहेब लोकांचे वाहन होते. बाकीच्यांसाठी रेल्वे आणि एस.टी. हे चित्र बदलले ते एअर डेक्कनने.

कॅप्टन गोपीनाथ हे मूळचे लष्करी अधिकारी. सैन्य सोडल्यावर त्यांनी कर्नाटकात शेती केली, १९९७ मध्ये हेलिकॉप्टर सेवा काढली आणि ऑगस्ट २००३ मध्ये बंगळूर-हुबळी मार्गावर ४८ आसनी एटीआर विमान सुरू केले. पंख्याच्या या विमानाला लहान धावपट्टी पुरते, म्हणून छोटी शहरे जोडता आली. फुकट जेवण नाही, तिकीट इंटरनेटवर, आणि जो आधी घेईल त्याला स्वस्त. काही तिकिटे तर चक्क एक रुपयाला! कंपनीने आपली ओळख म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ घेतला होता, तो उगीच नाही.

पण कंपनी वाढली तसा तोटाही वाढला. २००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाने ५५० कोटी रुपयांना २६ टक्के हिस्सा घेतला. आधी ‘सिम्प्लिफ्लाय डेक्कन’ आणि २००८ मध्ये ‘किंगफिशर रेड’ असे नाव झाले. विमानांवर किंगफिशर पक्षी आला.

मल्ल्यांना डेक्कन का हवी होती? त्या वेळी परदेशी उड्डाणासाठी देशात पाच वर्षे सेवा आणि वीस विमाने अशी अट होती. किंगफिशर सुरू झाली २००५ मध्ये, डेक्कन २००३ मध्ये. दोन्ही एक झाल्यावर २००८ च्या सप्टेंबरमध्येच बंगळूर-लंडन विमान उडाले. पण एकाच घरात स्वस्त आणि महाग असे दोन संसार चालले नाहीत. २०११ मध्ये ‘रेड’ बंद करण्याचे जाहीर झाले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली.

गोष्ट तिथे संपली नाही. केंद्राच्या ‘उडान’ योजनेत जुने एअर डेक्कन हे नाव परत आले आणि २३ डिसेंबर २०१७ रोजी मुंबई-जळगाव विमान सुरू झाले. खानदेशच्या मंडळींना केवढा आनंद! एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, तेही थांबले. त्याच वर्षी गोपीनाथांच्या आयुष्यावर बेतलेला ‘सूरराई पोट्रु’ हा तमिळ चित्रपट आला. २०२४ च्या हिंदी ‘सरफिरा’त तर नायक मराठी, म्हात्रे आडनावाचा!

पाटी बदलून हिशेब बदलत नाही, हा यातला धडा. पण जो माणूस तिच्यामुळे पहिल्यांदा विमानात बसला, त्याच्या मनातली भीड मात्र कायमची गेली. आपल्या आईवडिलांपैकीही कुणी असे असेल, तर पुढच्या फोनवर त्यांना जरूर विचारा.