आवाज कुणाचा?

शुक्रवार. संध्याकाळचे साडेसहा. टीम लीडची नजर चुकवून लॉग-आउट मारायचं, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर सडायचं, घरी पोचून फॉर्मल शर्ट भिरकावून काळा टी-शर्ट चढवायचा आणि पाठीला बास गिटार अडकवून गिगला पळायचं. आठवडाभर एक्सेल शीटमध्ये मान घालून बसलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं? पण जिना उतरता उतरता प्रत्येक बासिस्टला एक प्रश्न छळतोच. अॅम्प कुठला न्यायचा? एका हातात मावणारा तो ३० वॅटचा डबा, की दोन मित्र आणि एक टेम्पो लागणारं ते धूड?

माझ्या पहिल्या खऱ्याखुऱ्या गिगला मी डबा नेला. कारण एकदम टेक्निकल होतं. तो रिक्षात बसत होता! ‘सगळं आहे आपल्याकडे, तुम्ही फक्त या,’ असं कॅफेवाल्यानं फोनवर सांगितलं होतं. तिथे जाऊन बघतो तर ‘सगळं’ म्हणजे स्टँडवरचे दोन स्पीकर आणि एक छोटा मिक्सर. त्यातून फक्त गाणाऱ्याचा आवाज जाणार. बाकीच्यांनी आपापलं बघायचं.

आणि नेमके त्याच दिवशी आई-बाबा आले होते. पहिल्यांदाच. पहिल्या बोनसमधून मी बास घेतला तेव्हा बाबा चार दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते. त्यांच्या मते ते पैसे पीपीएफमध्ये जायला हवे होते. त्यामुळे आज काहीतरी सिद्ध करायचं होतं.

ड्रमरनं चार काठ्या मोजल्या आणि संपलंच सगळं. दुसऱ्या गाण्यात मी व्हॉल्यूमचं बटण शेवटापर्यंत पिळलं, तर डबा फर्रर्र करायला लागला. सूर नाहीच, नुसती फरफर. गिग संपल्यावर बाबा जवळ आले. कॉलेजात असताना ते तबला शिकलेत, त्यामुळे त्यांना तालातलं कळतं. म्हणाले, ‘छान झालं. पण तू वाजवत होतास ना? हात तर हलत होता.’ मग जरा थांबून, ‘डग्गा फुटलेल्या तबल्यासारखं वाटलं रे.’

यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वॅटचं गणित शाळेतलं नाही

नंतर बसून शोधलं तेव्हा कळलं, चूक बोटांची नव्हती. ड्रमसेटला अॅम्प लागत नाही. जोर काढून वाजवणारा ड्रमर छोट्या खोलीत सहज १०० डेसिबलच्या वर जातो आणि बासला त्याच्या बरोबरीनं उभं राहायचं असतं. त्यात बासची सगळ्यात जाड तार हलते सेकंदाला सुमारे ४१ वेळा आणि इतक्या खालच्या सुरांना आपला कान जरा बहिराच असतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. म्हणजे मधल्या सुरांइतकाच आवाज वाटायला हवा असेल, तर खालच्या सुरांना कितीतरी जास्त ताकद द्यावी लागते.

पुढची गंमत अजून क्रूर आहे. ३० वॅटचे ६० केले, तर वाढतात फक्त ३ डेसिबल. म्हणजे ‘थोडं वाढलं का रे?’ एवढंच. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायचा तर वॅट दहापट करावे लागतात. ३० चे थेट ३००! अप्रेझलमध्ये कितीही राबा, पगार मात्र ३ टक्केच वाढतो, त्यातलाच प्रकार.

तर मी पेटलो. एका बँडनं मोडीत काढलेला सेकंडहँड सेट घेतला. ५०० वॅटचं जुनं हेड, दहा इंची चार स्पीकरचं एक कॅबिनेट आणि पंधरा इंची स्पीकरचं आणखी एक. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्याच खेपेला गिटारिस्टची पाठ धरली. तो आठवडाभर वर्क फ्रॉम होम, तेही आडवा पडून.

आणि गिग? ती पहिल्यापेक्षा वाईट झाली. ४१ हर्ट्‌झच्या सुराची एक लाट आठ मीटरहून लांब असते. हॉलच त्याच्या आसपासचा असेल, तर भिंतींवरून परतलेल्या लाटा काही जागी एकमेकींत मिसळून फुगतात आणि काही जागी एकमेकींना गिळतात. मी उभा होतो तिथे त्या गिळल्या जात होत्या. मला ऐकू येईना, म्हणून मी वाढवत गेलो. मागच्या टेबलांवर मात्र चमचे नाचत होते. कॅबिनेट कोपऱ्यात ठेवलं होतं, त्यामुळे बास आणखी फुगला. गाणारीला स्वतःचा सूर सापडेना, ती अर्धा सूर खाली घसरली. ब्रेकमध्ये ती एवढंच म्हणाली, ‘तू एकट्यासाठी बँड काढ.’ बँड तुटायची वेळ आली होती ती पैशांवरून नाही, प्रेमप्रकरणावरून नाही, एका खोक्यावरून!

खरं तर हे धूड आलं कुठून, हेही बघायला हवं. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला आणि १९५२ मध्ये त्याच्यासाठी बासमन अॅम्प. पुढे मैदानं मोठी झाली, गिटारवाल्यांचे अॅम्प भिंतीएवढे झाले आणि १९६९ मध्ये अँपेगचा ३०० वॅटचा एसव्हीटी आला. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो वापरला. व्हॉल्व्हवाल्या त्या हेडचं वजनच पस्तीस-चाळीस किलो. खालच्या आठ स्पीकरच्या कॅबिनेटला तर बासिस्ट मंडळी ‘फ्रिज’च म्हणतात. पण लक्षात घ्या, तेव्हा मैदानातल्या मागच्या माणसापर्यंत बास पोचवायची जबाबदारी बऱ्याच अंशी स्टेजवरच्या त्या भिंतीवरच होती. आज चांगल्या जागी ते काम हॉलचे स्पीकर करतात. आपला अॅम्प प्रेक्षकांसाठी नाहीच, तो आपल्यासाठी आणि ड्रमरसाठी आहे. पहिल्या गिगला हे खोटं होतं, दुसऱ्या गिगला खरं होतं आणि मी दोन्हीकडे उलटं वागलो.

फोन करायला पैसे पडत नाहीत

म्हणून हल्ली मी जायच्या आधी फोन करतो आणि ‘सगळं आहे’वर फोन ठेवत नाही. बास मिक्सरमधून मोठ्या स्पीकरवर जाणार आहे का? आणि खाली सबवूफर आहेत का? दोन्हीला ‘हो’ असेल, तर एक बारा इंची स्पीकरचं कॅबिनेट भरपूर झालं. हेडच्या मागे डीआय आउट असतो, तिथून केबल मिक्सरला. (घुंई आवाज आला तर ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. आपल्याकडच्या अर्थिंगची तऱ्हा तुम्हाला माहीतच आहे.) उत्तर ‘नाही’ असेल आणि ड्रमर मांसाहारी असेल, तर ३०० ते ५०० वॅट हवेतच. ते आवाज वाढवायला नाहीत बरं का, न फाटता स्वच्छ वाजायला.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी फसवणूक वॅटच्या आकड्यात आहे. दुकानदार ‘पाचशे’ म्हणतो ते बहुतेक वेळा ४ ओहमला. त्याच हेडला ८ ओहमचं एकच कॅबिनेट लावलं की हातात पडतात साधारण २५०-३००. आणि कॅबिनेटची सेन्सिटिव्हिटी कोण बघतो? एक वॅट दिल्यावर एका मीटरवर १०० डेसिबल देणाऱ्या कॅबिनेटला १०० वॅटमध्ये जे जमतं, त्यासाठी ९४ वाल्याला ४०० लागतात. त्यामुळे हजार वॅटच्या हेडमागे धावण्यापेक्षा तसंच दुसरं ८ ओहमचं कॅबिनेट जोडा. दोन मिळून ४ ओहम होतात, हेड जास्त ताकद देतं, हवा ढकलणारे स्पीकर दुप्पट होतात. सगळं धरून पाचेक डेसिबल पदरात पडतात. फक्त हेडवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलेलं असेल तर तिसरं जोडायचा मोह टाळा, हेड जळतं.

मी धूड विकलं. आता क्लास-डी जातीचं ५०० वॅटचं हेड आहे, दोन-अडीच किलोचं, लॅपटॉपच्या सॅकमध्ये मावणारं. निओडिमियम चुंबकाच्या हलक्या स्पीकरची दोन छोटी कॅबिनेट आहेत. मोठी सिस्टिम असेल तिथे एक, नसेल तिथे दोन. एकावर एक रचली की वरचं कानाच्या जवळ येतं आणि व्हॉल्यूम आपोआप कमी लागतो. पूर्वी ते गुडघ्यांना ऐकवत होतो! शिवाय खिशात इअरप्लग. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी १०० डेसिबलची सरासरी ही वरची मर्यादा सुचवली आहे आणि आमचा ड्रमर ती मर्यादा साउंडचेकमध्येच ओलांडतो.

मागच्या महिन्यात बाबा पुन्हा आले. तीच मंडळी, तोच ड्रमर, जागा वेगळी. सबवूफर नव्हते, म्हणून दोन्ही कॅबिनेट नेली होती. तिसऱ्या गाण्यात बघितलं तर त्यांचा उजवा हात टेबलावर, बोटं चालू. ताल थोडा पुढे पळत होता, पण असो. गिग संपल्यावर ते सरळ स्टेजपाशी आले, हेड उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, ‘हे एवढंसं खोकं केवढ्याला पडलं रे?’

मी निम्मी किंमत सांगितली.