शोधात दुकान वर कसं येतं?

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एखाद्या मिठाईवाल्याची वेबसाइट असते, पण ‘संत्रा बर्फी नागपूर’ असं गूगलवर टाकलं तर ती सापडत नाही. अनेकदा कारण साधं असतं: वेबसाइटवर ‘संत्रा बर्फी’ हे शब्दच नसतात. असतो तो ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’ असा मथळा आणि दरपत्रकाचा फोटो.

गूगलचा प्रोग्राम दुव्यांवरून फिरत पानं वाचतो, त्यांची सूची करतो आणि कुणी शोधलं की तिच्यातून उत्तर निवडतो. कोणत्या पानाला इतर वेबसाइटी दुवा देतात, यावरून त्याचं वजन ठरवण्याची पद्धत लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडली. आता तिच्यात अनेक निकष जोडले गेले आहेत. पण मुळात पानावर शोधाचे शब्द असायला हवेत, म्हणून प्रत्येक पदार्थाला वेगळं पान द्या, त्यावर गिऱ्हाईक विचारतं तीच माहिती लिहा: किती दिवस टिकतो, कुरिअरनं पाठवता का, किलोचा भाव काय. मराठीत लिहा, हिंदीतही लिहा. नागपूरचं गिऱ्हाईक दोन्हींत शोधतं.

जवळच्या दुकानांच्या शोधात गूगल जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी पाहतं. दुकानाची गूगलवरची नोंद मोफत होते. पत्ता, फोन, वेळा अचूक ठेवा. पैसे देऊन खोटे अभिप्राय मात्र मुळीच लिहून घेऊ नका.

बदलांचा परिणाम दिसायला काही महिने लागू शकतात. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. अशी हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका.