पायाची बायपास झाली, आता पुढे?

हृदयाची बायपास आपल्या सगळ्यांना ऐकून माहीत असते. पायाचीही बायपास होते, हे मात्र घरातल्या कुणावर वेळ आली की कळतं. "पाय दुखतात, वय झालं," म्हणत आपली माणसं वर्षं काढतात. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. पुढे पलंगावरून पाय खाली सोडल्याशिवाय झोप लागत नाही, अंगठ्याची जखम भरत नाही. मग प्रश्न चालण्याचा उरत नाही, पाय वाचवण्याचा होतो.

१९४८ साली पॅरिसमध्ये ज्याँ कुन्लँ यांनी रुग्णाच्याच पायातली शीर वापरून तुंबलेल्या धमनीला वळसा घातला. १९६४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली धमनी नळी घालून आतून रुंद केली. पाय कापून घ्यायला त्यांनी नकार दिला होता. त्यांचा पाय वाचला. आज हेच दोन मार्ग सुधारून वापरले जातात.

पण शस्त्रक्रियेने रक्ताला नवी वाट मिळते, आजार जात नाही. म्हणून घरी आल्यानंतरचे महिने महत्त्वाचे.

बायपासनंतर पाय सुजतो आणि सूज दोन-तीन महिने राहू शकते. घाबरू नका. बसताना पाय वर ठेवा. व्रणाभोवतीची कातडी बधिर वाटते, तेही नेहमीचं आहे. जांघेतली जखम मात्र कोरडी ठेवा. ती लाल झाली, पाणी किंवा पू येऊ लागला, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.

यंदाच्या दिवाळीत थोडी मुरड घाला. अभ्यंगाचं तेल जखमेवर आणि बोटांच्या बेचक्यात नको. मधुमेह असेल तर पायाला चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी कोपराने बघा. थंडी वाजते म्हणून गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नका. कारीट घरातल्या दुसऱ्या कुणाला फोडू द्या. दारात पणती ठेवायला जातानाही चप्पल घाला. पाटावर मांडी घालून बसण्याचा हट्ट नको. खुर्चीत बसून केलेली पूजाही देवाला पोचते.

चालणं हे मुख्य औषध. सुरुवातीला घरातल्या घरात, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, रोज थोडं जास्त. पोटरीच्या अशा दुखण्यासाठी ब्रिटनमधली 'नाइस' ही संस्था देखरेखीखालचा व्यायाम सुचवते : आठवड्याला २ तास, असे ३ महिने. तुम्ही तो कधी सुरू करायचा, हे सर्जनला विचारा. गाडी कधी चालवायची, हेही त्यांनाच विचारा.

सिगारेट सुटलीच पाहिजे, आणि मशेरी-गुटखाही. तंबाखू चालू राहिला तर नवी वाटही बुजते. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी बरं वाटतं म्हणून बंद करायची नसते. भारतात जाताना पुरतील एवढ्या गोळ्या सोबत न्या, तिकडे "इतकी औषधं कशाला?" म्हणणारे भेटतीलच. तपासणीचा स्कॅनही चुकवू नका. बसवलेली शीर अरुंद होऊ लागते तेव्हा दुखतंच असं नाही. स्कॅनमध्ये ते वेळेवर दिसतं.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी पाठ करा. पाय अचानक थंड, पांढुरका किंवा बधिर पडला, असह्य दुखू लागला, बोटं हलेनाशी झाली, तर ताबडतोब ९९९ ला फोन करा. सोमवारची वाट बघू नका, पाहुणे जाईपर्यंत थांबू नका. अशा वेळी काही तासांत पाय वाचतो किंवा जातो.

आता इथे वाढलेल्या मुलामुलींना दोन शब्द. डॉक्टरांनी विचारलं की आई "ठीक आहे" म्हणते आणि बाबा मान डोलावतात. तुम्ही सोबत जा. किती पावलांवर दुखतं, रात्री झोप लागते का, हे घरी मराठीतून विचारून ठेवा आणि तिथे सांगा. रोज एकदा मोजा काढून त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. त्यांना वाकून दिसत नाही, आणि सांगायला संकोच वाटतो.

आणि स्वतःचंही बघा. ज्या धमन्या पायात तुंबतात, तसल्याच हृदयाकडे आणि मेंदूकडे जातात. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयोगटाला, असे आजार आधीपासून नसतील तर, एनएचएसची आरोग्य तपासणी दर ५ वर्षांनी मोफत मिळते. तिचं पत्र फ्रिजवर लावून विसरू नका. फराळाचे डबे वाटून झाले की तारीख घ्या.