कुंभाराची शाळा आणि आपला गळीत हंगाम



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, पण मातीचाच आहे.

ऊस नोंदीसाठी गटात फिरताना एका गावी कुंभाराच्या दारात पाणी प्यायला थांबलो. काका चाकावर बसले होते आणि समोर तीन-चार पोरं माती मळत होती. "ही आमची शाळा," काका म्हणाले. "पण साहेब, तुमचा बॉयलर पेटला की पट निम्मा होतो." ही गोष्ट मनाला लागली, म्हणून हा लेख.

कुंभार पहिला धडा चाकावर देत नाही, मातीवर देतो. ओल्या मातीची करंगळीएवढी वळी करायची आणि बोटाभोवती गुंडाळायची. वळी तुटली तर माती रेताड, चिवट राहिली तर कामाची. पण नुसती चिवट मातीही चालत नाही. आपली काळी जमीन भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला ज्या भेगा पडतात, त्याच भेगा निव्वळ काळ्या मातीच्या मडक्याला वाळताना पडतात. म्हणून कुंभार तळ्याचा गाळ आणतो आणि त्यात बारीक रेती, राख, लीद मिसळतो. भाजताना लीद जळून जाते व तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरते, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात माठ गार राहतो आणि पावसाळी दमट हवेत तितका गार होत नाही, याचे कारण हेच.

दुसरा धडा थापटण्याचा. चाकावरून उतरलेला माठ जाड आणि लहान असतो. आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्याने हलके ठोकत भिंत पातळ करायची आणि बूड मिटवायचे. हात जड पडला तर भांडे फाटते, हलका पडला तर जाड राहते. हे सांगून येत नाही. काका पोराच्या हातावर हात ठेवून ठोके देतात. माती चाळणे, मळणे, गेरू लावणे या कामांत घरातल्या बायाही तितक्याच शिकवतात.

तिसरा धडा आव्याचा. ओलसर मडक्याला एकदम जाळ लागला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते. म्हणून आधी सावलीत वाळवण, मग मंद धग आणि शेवटी मोठा जाळ. भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारून कच्चे-पक्के ओळखायचे. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी थापटण्याने संतमंडळींची परीक्षा घेतली आणि नामदेवांना कच्चे ठरवले. कुंभाराचा कान हे त्याचे शेवटचे हत्यार. तो तयार व्हायला हंगामामागून हंगाम जावे लागतात.

कुंभारकाम शिकवण्याच्या संस्थाही आहेत. बेळगाव जिल्ह्यात खानापूरला खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या पुढाकाराने ग्रामोदय संघाने हे काम उभे केले. 2020 च्या अखेरीस नांदेड व परभणी जिल्ह्यांतल्या 100 कुंभार कुटुंबांना प्रशिक्षण देऊन विजेची चाके वाटण्यात आली. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत कुंभारकाम आहे. तीत 5 ते 7 दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, रोज 500 रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. विजेच्या चाकाने कष्ट वाचतात हे खरे. पण माती पारखणे, थापटणे आणि आवा लावणे पाच-सात दिवसांत येत नाही. ते काकांच्या अंगणातच येते.

आणि इथेच आपला संबंध येतो. पावसाळ्यात मडकी वाळत नाहीत. कुंभाराचे खरे काम दिवाळीनंतर सुरू होते. संक्रांतीची सुगडी, मग उन्हाळ्याचे माठ, अक्षय्यतृतीयेचे करे. म्हणजे त्याचा शिकवण्याचा हंगाम आणि आपला गळीत हंगाम एकच! बीड जिल्ह्यातून हजारो कोयते याच महिन्यांत बाहेर पडतात. त्यांत कुंभाराची मुलेसुनाही असतात, कारण उचल एकरकमी हातात येते आणि माठ मात्र एकेक करून विकावा लागतो. आई-बापाबरोबर पोरगं फडावर जातं. ते परत येतं तेव्हा आभाळ भरून आलेलं असतं आणि चाक झाकलेलं असतं. असे चार-पाच हंगाम गेले की शिकायचे वय निघून जाते. काकांना शिकवायचे असते, पण समोर कोणी बसलेले नसते. कोयता हाती घेणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या घामावरच आपला ऊस कारखान्यात पोचतो. म्हणूनच याची थोडी जबाबदारी आपल्यावरही येते.

तेव्हा सभासदांनी पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात:

1. तलावातला गाळ शेतात नेताना कुंभाराला लागणारी चिकण माती कुठे आहे हे त्याला विचारावे आणि तेवढा कोपरा राखावा. आपल्याला दोन ट्रॉल्या कमी पडल्याने नुकसान नाही. त्याचे वर्ष त्यावर निघते.

2. बांधावर आंबा, सीताफळ, लिंबू लावताना मटका सिंचन करून पाहावे. छिद्राळ मडके रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले की माती सुकेल तसे पाणी हळूहळू झिरपते. मडक्यांची मागणी गावातल्याच कुंभाराकडे दिवाळीपूर्वी नोंदवावी आणि थोडी रक्कम आगाऊ द्यावी. उचल फक्त कोयत्यालाच का मिळावी?

3. ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. शाळा समितीवर असलेल्या सभासदांनी कुंभाराच्या मुलांची नावे वेळेत द्यावीत. मूल गावात राहिले तर शाळाही होईल आणि संध्याकाळी आजोबांचे अंगणही सुटणार नाही.

बेणे एक वर्ष चुकले तर पुढच्या वर्षी दुसरीकडून आणता येते. हाताचे बेणे तसे मिळत नाही. पुढच्या खेपेला त्या गावी जाऊ तेव्हा पट पुरा दिसावा, एवढीच इच्छा.

— ऊस विकास अधिकारी