डबी किती वाजता भरली?

नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आलेला माणूस सरळ बाही वर करतो. संडासचं सॅम्पल घेऊन आलेला आधी आजूबाजूला कोण आहे ते बघतो. डबी एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, त्यावर वर्तमानपत्र. पेठ तालुक्यातून सुनेबरोबर आलेले एक आजोबा ती पिशवी काउंटरवर ठेवायलाच तयार नव्हते. "ताई, इथं नको, तुमचं टेबल बाटेल." मी हातमोजे घालून ती त्यांच्या हातातून घेतली आणि विचारलं, "बाबा, डबी किती वाजता भरली?"

"पहाटेच. एसटी धरायची होती ना."

तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो. आव, जंत किंवा डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायचं असलं, तरी ताजं सॅम्पल केव्हाही बरं. पण आता संडासातल्या जिवाणूंवरून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा माग काढायचं काम जगभर चाललंय, आणि तिथे ही वेळ फार महत्त्वाची ठरते. उन्हात राहिलेल्या डबीतले जिवाणू गप्प बसत नाहीत. ई. कोलायसारखे हवेत तगणारे वाढत सुटतात आणि बाकीच्यांचं प्रमाण कागदावर घसरतं. आजोबांच्या पोटात पहाटे जे होतं, ते दुपारी डबीत तसंच सापडेल याची खात्री कोणी द्यावी? म्हणून अशा तपासणीची डबी वेगळी असते. तिच्यात जिवाणूंची वाढ थांबवणारं द्रावण आधीच घातलेलं असतं, नाहीतर सॅम्पल लगेच गोठवावं लागतं.

संडासातल्या लपलेल्या रक्ताची तपासणी असताना जिवाणू कशाला, असं डॉक्टरही विचारतात. गाठ रोज रक्तस्राव करत नाही, आणि सुरुवातीचा लहान कोंब तर बहुतेक वेळा करतच नाही. म्हणून दुसरी खूण हवी. २०१२ साली व्हँकुव्हर आणि बॉस्टनच्या दोन गटांना आतड्याच्या गाठींमध्ये फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा जिवाणू भरपूर सापडला. त्याचं खरं घर तोंडात, दातांवरच्या किटणात. निरोगी आतड्यात तो जेमतेम असतो. गाठीतल्या पेशींवर एक विशिष्ट शर्करा जास्त असते आणि या जिवाणूच्या अंगावरचं फॅप२ नावाचं प्रथिन तिलाच चिकटतं. २०१९ मध्ये आठ अभ्यासांतली संडासची ७६८ सॅम्पल एकत्र तपासली, तेव्हा कॅन्सरच्या पेशंटमध्ये वाढलेल्या २९ जाती निघाल्या. २०२४ मध्ये आणखी बारकाईने पाहिल्यावर कळलं की, फ्युझोबॅक्टेरियमच्या एका उपजातीची एकच शाखा गाठींमध्ये जास्त आढळते. आपल्याकडे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या गटाला हाच जिवाणू जिभेच्या कॅन्सरमध्ये दिसला आहे. मिश्री आणि तंबाखूच्या या मुलखात ती बातमी माझ्या मनातून जात नाही.

आमच्याकडे संडासातल्या जिवाणूंची ही तपासणी अजून रेट कार्डावर नाही. पेशंटची लेखी संमती घेऊन माझी सहकारी ताई कोविडच्या काळात आलेल्या पीसीआर मशीनवर हात बसवतेय, आणि मी वेळ मिळेल तशी शेजारी उभी राहते. संडासचा चिमूटभर भाग काचेच्या बारीक मण्यांच्या नळीत जातो. नळी यंत्रात जोरजोरात हलते, कारण काही जिवाणूंची भिंत जाड असते. हलवणं कमी पडलं तर ते फुटत नाहीत आणि मोजणीतून सुटतात. मग सेंट्रिफ्यूज, सिलिकाची गाळणी, अल्कोहोलची धुलाई. शेवटी नळीच्या तळाशी थोडा पाण्यासारखा स्वच्छ थेंब उरतो, त्यात डीएनए. सकाळी पिशवीत लपवून आणलेल्या वस्तूचा कसलाही वास त्याला नसतो.

प्रत्येक खेपेला ताई एक कोरी नळीही चालवते. तिच्यात सॅम्पल नसतं, बाकी सगळं तेच. रसायनांतच जिवाणूंच्या डीएनएचे कण असू शकतात, आणि कोऱ्या नळीतही मशीनच्या पडद्यावरची रेघ वर चढली तर ती अख्खी खेप बाद. हा सोपस्कार नाही. निरनिराळ्या कॅन्सरमध्ये जिवाणूंच्या ठरावीक खुणा दिसतात असं सांगणारा 'नेचर'मधला २०२० चा गाजलेला निबंध २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यात माणसाचाच डीएनए जिवाणूंच्या नावावर मोजला गेला होता, आणि आकडेमोडीच्या पद्धतीनेही खोट्या खुणा तयार केल्या होत्या. इतक्या मोठ्या लोकांच्या हातून हे घडू शकतं, तर आम्ही कोरी नळी कशी टाळणार?

यापेक्षा मोठी अडचण मात्र नळीत सुटणारी नाही. त्या ७६८ सॅम्पलची मूळ यादी पाहिली, तर ती युरोप, अमेरिका, चीन आणि जपानच्या पोटांची आहे. भाकरी, भात, डाळीवर पोसलेल्या आपल्या आतड्यात प्रिव्होटेला या जिवाणूचा वरचष्मा असतो. २०१९ मध्येच भोपाळ आणि केरळमधल्या ३० पेशंट आणि ३० निरोगी लोकांची तुलना झाली. तिच्यात भारतीय पेशंटशी फ्लेव्होनिफ्रॅक्टर प्लॉटी या वेगळ्याच जिवाणूचं नातं दिसलं. फळाभाज्यांतल्या फ्लॅव्होनॉइड या उपकारक द्रव्यांचं विघटन करणारा हा जिवाणू. साठ माणसांवरून देशाचा निष्कर्ष निघत नाही, पण परदेशी यादी आपल्यावर जशीच्या तशी चालवू नये, एवढं त्यातून मला पटलं.

आणि नाशिकपुरतं बोलायचं तरी कोणतं नाशिक? सुरगाण्याची नागली, येवल्याची बाजरी आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमधली पाव-बिस्किटं, तीन तऱ्हांची पोटं. वाढलेलं काय ते ठरवायला आधी या प्रत्येक ठिकाणच्या धडधाकट माणसाच्या पोटात किती असतं ते माहीत हवं. आजारी माणूस संकोच गिळून डबी आणतो, निरोगी माणूस कशाला आणेल? त्या आजोबांच्या सुनेलाच मी विचारून पाहिलं. ती लाजली, मग म्हणाली, "मला काय झालंय?" मी तिला बाकावर बसवलं आणि काहीच झालेलं नाही म्हणूनच तुझी डबी हवी, हे पहिल्यापासून सांगायला घेतलं. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "मग पेठलाच घेता का? इथवर आणायला नको."