चाकांवरचें घर आणि रस्त्याचा मार

कल्याणच्या लष्करी छावणींतील बराकींत १९४७ नंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. छावणी गेली, ‘कॅम्प’ हा शब्द व त्यापुढचा आंकडा मात्र लोकांच्या तोंडीं कायम राहिला. त्या कॅम्प नं. ३ मधून शहाडमार्गें मुरबाडकडे निघालें, कीं पुढें माळशेज घाट लागतो. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. तेव्हांपासून अशा वाटेवर चाकांवरचें घर घेऊन जाण्याची कल्पना अगदींच परकी उरलेली नाहीं.

या घराची आंतील शोभा सर्वांस दिसते. तळाकडे कोण पाहतो? सांडपाण्याची तोटी, दिव्यांच्या तारा, गॅसची नळी या वस्तु पुष्कळदां तेथेंच उघड्या असतात. पावसाळ्यांत डांबर सुटून खडी मोकळी होते. गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असतां पुढच्या चाकानें उडालेला खडा सेकंदाला सुमारें १७ मीटर वेगानें मागील भागावर आदळूं शकतो. प्लास्टिकच्या तोटीस एवढा प्रहार पुरेसा होतो. पाण्याखालीं दडलेले खड्डे आणि उंच स्पीडब्रेकर यांचा उपद्रव निराळा. तेथें तळ खरवडतो व सर्वांत खालची वस्तु प्रथम तुटते.

म्हणून पहिला उपाय आच्छादनाचा नव्हे, स्थलांतराचा. तोटी चासीच्या तुळईआड व शक्य तितकी उंच घ्यावी. चाकांमागें रबराचे रुंद मडफ्लॅप लावावेत. एवढ्यानें न भागल्यास पत्र्याचें कवच बसवावें. पण तें नटबोल्टांनीं, म्हणजे दुरुस्तीच्या वेळीं काढतां येईल. त्याच्या तळाशीं भोकें नसलीं तर चिखल सांचून पत्रा आंतूनच गंजतो. नळी पत्र्याला घासत राहिल्यास खड्यानें न झालेलें काम ते घर्षण करितें. त्यासाठीं मध्यें रबर हवें. सायलेन्सरजवळ मात्र रबर नको, तें उष्णतेनें जळतें.

याहून गंभीर गोष्ट गॅसची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळें गळती झाली तर तो खालीं उतरतो. याकरितांच सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला झरोके ठेवलेले असतात. धूळपाणी आंत येतें म्हणून एखादा हौशी कारागीर त्यांवर अखंड पत्रा ठोकतो, आणि नळीच्या रक्षणासाठीं केलेला खटाटोप सबंध कुटुंबाच्या जिवावर बेतूं शकतो. झरोक्यापुढें पत्र्याची आडोशी धरावी, परंतु हवेला वाट मोकळी ठेवावी. घाटांतून परतल्यावर गाडी धुतांना प्रथम हे झरोके चिखलानें बुजले आहेत काय, तें पाहावें. मग नळीच्या सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. फुगे आले तर सिलिंडर तेथेंच बंद करावा.